परदेशातील वारसाप्राप्त अग्निशस्त्र भारतात आणण्याची कायदेशीर प्रक्रिया : मालकी, ताबा आणि परवाना यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

दसऱ्याच्या सुमारास घरातील शस्त्रांची पूजा करण्याची प्रथा महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांत आजही पाळली जाते. शस्त्र हे अशा कुटुंबांत केवळ साधन नसते. ते पूर्वजांच्या पराक्रमाची, नोकरीची किंवा शिकारीच्या छंदाची खूण असते. परदेशी गेलेली शस्त्रे मायदेशी परत यावीत ही भावनाही समाजात खोलवर रुजलेली आहे. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या मुदतीने सातारा येथील संग्रहालयात आली. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने लंडनमधील लिलावातून रघुजी भोसले यांची तलवार मिळविली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणली. या दोन्ही प्रसंगी शासन स्वतः व्यवहारात उतरले होते आणि दोन्ही शस्त्रे धारदार होती, अग्निशस्त्रे नव्हती.

परंतु एखाद्या सामान्य कुटुंबातील आजोबांची दुनळी बंदूक किंवा वडिलांचे रिव्हॉल्व्हर परदेशात असेल आणि ते घरी आणावयाचे असेल, तर परिस्थिती सर्वस्वी वेगळी असते. इंग्लंड, अमेरिका, पूर्व आफ्रिका अशा ठिकाणी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत हा प्रश्न बहुधा घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर अचानक उभा राहतो. ‘वस्तू आमचीच आहे, मृत्युपत्रातही लिहिलेले आहे, मग ती आणण्यास हरकत काय?’ असा प्रश्न वारस विचारतात. या प्रश्नातील गृहीतकच सदोष आहे. मालकी सिद्ध झाली म्हणजे ताब्याचा हक्क मिळाला असे अग्निशस्त्राच्या बाबतीत होत नाही. ही बाब लक्षात न आल्यामुळे एखादा प्रामाणिक वारस विमानतळावर आरोपी ठरण्याची शक्यता निर्माण होते.

प्रस्तुत लेखात भारतीय कायद्याच्या चौकटीत या प्रक्रियेचे टप्पे, त्यांचा परस्परसंबंध आणि त्यांतील अडचणी स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. वारसाहक्क आणि ताबा यांतील भेद

शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्यापूर्वी १८७८ चा ब्रिटिशकालीन कायदा लागू होता. १९५९ च्या अधिनियमातील कलम ३ अन्वये कोणतेही अग्निशस्त्र अथवा दारूगोळा संपादन करणे, ताब्यात ठेवणे किंवा बाळगणे यासाठी परवाना आवश्यक आहे. तलवारीसारख्या शस्त्रांबाबत कलम ४ अन्वये केंद्र सरकारने एखाद्या क्षेत्रापुरती अधिसूचना काढली असेल तरच तेथे परवाना लागतो. अग्निशस्त्राची अट मात्र देशभर लागू आहे.

येथे ‘संपादन’ हा शब्द महत्त्वाचा आहे. खरेदी, बक्षीस आणि वारसा हे तिन्ही संपादनाचेच प्रकार होत. म्हणून मृत्युपत्राने अथवा वारसाहक्काने शस्त्राची मालकी वारसाकडे आली तरी परवाना मिळेपर्यंत ते शस्त्र हाती घेण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. शेतजमीन, दागिने किंवा बँकेतील ठेव यांच्यापेक्षा शस्त्राचा वारसा या एका मुद्द्यावर भिन्न ठरतो.

ताबा म्हणजे केवळ वस्तू हातात असणे असाही अर्थ न्यायालयांनी घेतलेला नाही. ‘गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या १९७२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की शस्त्र प्रत्यक्ष जवळ नसले तरी त्याची जाणीव आणि त्यावर नियंत्रण असेल तर तो ताबा ठरू शकतो. तात्पर्य, शस्त्र मुंबईत भावाच्या कपाटात ठेवले म्हणून जबाबदारी टळत नाही. उलट भावावरही ती येते.

शस्त्र बाळगणे हा भारतात मूलभूत हक्क नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख आहे. भारतीय राज्यघटनेत तसा हक्क दिलेला नाही, याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची दखल घेताना लक्ष वेधले होते. अमेरिकेत वाढलेल्या वारसांना ही भूमिका अनेकदा अनपेक्षित वाटते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ३ चे उल्लंघन करून साधे अग्निशस्त्र बाळगल्यास दोन ते पाच वर्षे कारावास व दंड अशी शिक्षेची तरतूद आहे.

२. शस्त्र कोणत्या वर्गात मोडते?

प्रक्रिया सुरू करण्यापूर्वी शस्त्राची नेमकी ओळख पटविणे आवश्यक असते. उत्पादकाचे नाव, क्रमांक, नळीची लांबी, बोअर, भरण्याची पद्धत आणि शक्य असल्यास निर्मितीचे वर्ष यांची नोंद परदेशातील परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून लेखी स्वरूपात घ्यावी. कुटुंबातील आठवणींवर विसंबून राहणे धोक्याचे ठरते. ‘आजोबांची रायफल’ म्हणून ओळखली जाणारी वस्तू प्रत्यक्षात गुळगुळीत नळीची बंदूक असू शकते आणि कायद्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांचे वर्ग दिले आहेत. स्वयंचलित अग्निशस्त्रे प्रतिबंधित आहेत. त्याखेरीज सैन्य व पोलीस दलांत वापरला जाणारा दारूगोळा ज्यांतून झाडता येतो अशी अनेक शस्त्रेही सर्वसामान्य परवान्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटर बोअरच्या रायफली, .४५५ बोअरची रिव्हॉल्व्हरे, सैनिकी ९ मिलिमीटर काडतूस झाडणारी पिस्तुले ही त्याची ठळक उदाहरणे होत. व्यवहारात यांस ‘प्रतिबंधित बोअर’ म्हणतात. वीस इंचांपेक्षा कमी लांबीची नळी असलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकाही सामान्य वर्गात येत नाहीत.

सैनिकी परंपरा असलेल्या कुटुंबांच्या बाबतीत हीच खरी अडचण ठरते. महायुद्धाच्या काळातील लष्करी रिव्हॉल्व्हर किंवा .३०३ रायफल भावनिकदृष्ट्या सर्वांत मोलाची असते आणि नेमकी तीच भारतात आणणे सर्वांत कठीण असते. अशा शस्त्राचा परवाना जिल्हास्तरावर दिला जात नाही. तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. त्याउलट, पुरेशा लांबीच्या नळीची बारा बोअरची दुनळी बंदूक अथवा शिकारीच्या बोअरची जुनी रायफल सामान्यतः परवानायोग्य वर्गात मोडते.

३. परदेशातील टप्पा

वारसाहक्काची कागदपत्रे ही प्रक्रियेची पहिली पायरी होय. जंगम मालमत्तेचा वारसा सर्वसाधारणपणे मृत व्यक्तीच्या अधिवासाच्या कायद्यानुसार ठरतो. त्यामुळे मृत्युपत्राचे प्रमाणीकरण किंवा तत्सम न्यायालयीन आदेश त्या देशात मिळवावा लागतो. २००५ सालापासून भारत १९६१ च्या हेग अपोस्टिल कराराचा सदस्य आहे. ब्रिटन व अमेरिकाही त्याचे सदस्य असल्याने तेथील सार्वजनिक दस्तऐवजांवर अपोस्टिल घेतल्यास ते भारतीय कार्यालयांत सादर करणे सुलभ होते.

दरम्यानच्या काळात शस्त्र कोणाच्या ताब्यात राहील हा प्रश्न त्या देशाच्या कायद्यानेच सोडवावा लागतो. ब्रिटनमध्ये १९६८ च्या अग्निशस्त्र अधिनियमातील कलम ७ अन्वये पोलीस मर्यादित काळासाठी अनुमतिपत्र देऊ शकतात. मृत्युपत्राचे निष्पादक त्याचा उपयोग करतात. मात्र १९९७ च्या दुरुस्त्यांनंतर इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडमध्ये बहुतेक पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे नागरिकांना बाळगता येत नाहीत. घराच्या माळ्यावर असे रिव्हॉल्व्हर सापडल्यास ते उचलून विमानाने भारतात नेण्याचा विचारही करू नये. प्रथम स्थानिक पोलिसांशी संपर्क साधून त्यांच्या सूचनेप्रमाणे वागावे.

शस्त्र देशाबाहेर नेण्यासाठी निर्यात परवानगीचीही आवश्यकता असते. अमेरिकेत मार्च २०२० पासून बहुतेक अस्वयंचलित अग्निशस्त्रांच्या निर्यातीचे नियंत्रण परराष्ट्र विभागाकडून वाणिज्य विभागाकडे गेले आहे. अनेक जुन्या मार्गदर्शिकांत या बदलाचा उल्लेख नसतो. निर्यात परवाना देणारे अधिकारी साहजिकच भारतातील आयात परवानगीचा पुरावा मागू शकतात. त्यामुळे परदेशातील काम पूर्ण करण्यासाठीही भारतातील काम आधी सुरू करावे लागते.

४. भारतातील परवाना

ज्या क्षेत्रात पोलीस आयुक्तालय आहे तेथे पोलीस आयुक्त आणि अन्यत्र जिल्हादंडाधिकारी हे परवाना प्राधिकारी असतात. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. अर्जावर पोलीस अहवाल मागविला जातो. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, ओळख व निवासाचे पुरावे, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था यांचाही विचार होतो. परवान्याची नोंद राष्ट्रीय संगणकीय प्रणालीत होऊन परवानाधारकास विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे करण्यात आली आहे.

शस्त्र नियम, २०१६ मधील नियम २५ हा वारसांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या कायदेशीर वारसास परवाना देता येतो. तसेच परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केल्यास किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगलेले असल्यास तो हयातीतच वारसाचे नाव सुचवू शकतो. पात्रतेच्या अटी वारसालाही लागू असतात.

तथापि येथे एक सूक्ष्म परंतु निर्णायक मुद्दा आहे. या नियमातील ‘परवानाधारक’ म्हणजे भारतीय अधिनियमाखालील परवाना धारण करणारी व्यक्ती होय. ज्या वडिलांकडे केवळ ब्रिटिश प्रमाणपत्र होते त्यांच्या मृत्यूनंतर मुलास हा नियम शब्दशः लागू होईलच असे म्हणता येत नाही. म्हणून अशा वारसाने केवळ नियम २५ वर विसंबून न राहता सर्वसाधारण अर्ज करावा, त्यात वारसाचा उल्लेख पुराव्यानिशी करावा आणि परवान्याचे समर्थनीय कारणही द्यावे. कलम १३ मध्ये संरक्षण अथवा क्रीडा यांसाठी किमान वीस इंची गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा विचार तुलनेने अनुकूल रीतीने केलेला आहे. अन्य शस्त्रांसाठी ‘योग्य कारण’ असल्याबाबत प्राधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. परवाना नाकारल्यास कलम १८ अन्वये अपील करता येते.

संख्येची मर्यादाही विचारात घ्यावी लागते. २०१९ पूर्वी एका व्यक्तीस तीन अग्निशस्त्रे बाळगता येत. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ही संख्या दोनवर आणली आणि वारसाने मिळालेल्या शस्त्रासही ही मर्यादा स्पष्टपणे लागू केली. ज्या वारसाकडे आधीच दोन बंदुका आहेत त्याला तिसरी, मग ती कितीही जुनी कौटुंबिक ठेव असो, स्वीकारता येत नाही. अशा वेळी कुटुंबातील अन्य पात्र सदस्याच्या नावाने अर्ज करणे हा पर्याय असू शकतो. त्यासाठी वारसांमधील संमतीचा लेख आधीच करून ठेवावा.

५. आयात आणि सीमाशुल्क

शस्त्र अधिनियमाच्या कलम १० अन्वये परवान्याशिवाय शस्त्र भारतात आणता येत नाही. मात्र त्याच कलमातील परंतुकानुसार जी व्यक्ती कायद्याने शस्त्र बाळगण्यास पात्र आहे ती स्वतःच्या खासगी वापरासाठी वाजवी प्रमाणात शस्त्र व दारूगोळा स्वतंत्र आयात परवान्याविना आणू शकते. म्हणजेच शस्त्र बाळगण्याचा भारतीय परवाना आधी हाती असेल तर या कलमाची अट मोठ्या प्रमाणात पूर्ण होते. सीमाशुल्क अधिकाऱ्यास शंका आल्यास केंद्र सरकारचे आदेश येईपर्यंत तो शस्त्र अडवून ठेवू शकतो.

परंतु कलम १० ची पूर्तता म्हणजे सर्व प्रक्रिया संपली असे नाही. विदेश व्यापार धोरणानुसार अग्निशस्त्रांची आयात खुली नाही. सर्वसामान्य प्रवाशास सामानातून अग्निशस्त्र आणण्यास सीमाशुल्क विभागाची मनाई आहे. या मनाईला एक महत्त्वाचा अपवाद आहे. जी व्यक्ती किमान एक वर्षासाठी आपले वास्तव्य भारतात हलवीत आहे (व्यवहारात यास टी. आर. म्हणतात) तिला परवानायोग्य बोअरचे एक अग्निशस्त्र पुढील अटींवर आणता येते :

(अ) ते शस्त्र परदेशात तिच्या स्वतःच्या ताब्यात व वापरात किमान एक वर्ष असले पाहिजे.
(ब) तिच्याकडे भारतातील प्राधिकाऱ्याचा वैध शस्त्र परवाना असला पाहिजे.
(क) लागू दराने सीमाशुल्क भरले पाहिजे.
(ड) सोडवून घेतल्यानंतर ते शस्त्र तिच्या हयातीत विकता, उसने देता किंवा अन्य प्रकारे हस्तांतरित करता येत नाही.

पन्नासपेक्षा अधिक काडतुसे आणण्यासही मनाई आहे. प्रवासी सामानाचे नियम वेळोवेळी बदलत असल्याने प्रवासाच्या तारखेस लागू असलेली नियमावली पाहणे अगत्याचे आहे.

वरील अटी वारसाच्या दृष्टीने वाचल्यास त्यांचा खरा परिणाम ध्यानात येतो. या अटी मूळ धारकाला समोर ठेवून केलेल्या आहेत. ज्याने शस्त्र वापरले, तोच मायदेशी परततो आहे, अशी त्यांची कल्पना आहे. नुकतेच शस्त्र मिळालेला वारस ‘एक वर्षाचा ताबा व वापर’ दाखवू शकत नाही आणि भारतातच राहणाऱ्या वारसाला वास्तव्य हलविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अशा व्यक्तीला विदेश व्यापार महासंचालनालयाकडे स्वतंत्र प्राधिकारपत्राची मागणी करावी लागते आणि ते मिळेलच अशी हमी देता येत नाही.

६. एक काल्पनिक उदाहरण

वरील विवेचन स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक कुटुंब घेऊ. कोल्हापूर जिल्ह्यातील एक गृहस्थ १९६० च्या दशकात इंग्लंडला गेले. तेथे त्यांनी बारा बोअरची दुनळी बंदूक रीतसर प्रमाणपत्रावर घेतली. त्यांचा मुलगा इंग्लंडमध्ये आणि मुलगी कोल्हापुरात राहते. बंदूक गावच्या घरी यावी अशी त्यांची इच्छा आहे. येथे तीन शक्यता संभवतात.

पहिली शक्यता अशी की ते स्वतः हयातीत भारतात कायम वास्तव्यासाठी परततात. परवाना घेण्यास ते नागरिकत्व व निवासाच्या दृष्टीने पात्र असतील, तर प्रथम कोल्हापूरच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून परवाना घ्यावा, नंतर वास्तव्य-स्थलांतराच्या सवलतीखाली बंदूक आणावी. पुढे त्यांच्या मृत्यूनंतर नियम २५ अन्वये मुलीला वारस म्हणून अर्ज करता येईल, कारण आता वडील भारतीय परवानाधारक असतील. हयातीत हस्तांतर न करण्याची सीमाशुल्काची अट मृत्यूनंतरच्या वारसास आड येत नाही. मात्र सत्तरी ओलांडली म्हणून नियम २५ चा आधार घेऊन हयातीतच मुलीच्या नावे बंदूक केल्यास ती अट मोडेल. शस्त्र नियम जे करू देतात ते सीमाशुल्काच्या अटीमुळे करता येत नाही, हा विरोध बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

दुसरी शक्यता अशी की वडिलांचे इंग्लंडमध्ये निधन होते आणि बंदूक मुलाकडे येते. मुलाने आधी स्वतःच्या नावे ब्रिटिश प्रमाणपत्र घ्यावे, किमान एक वर्ष बंदूक रीतसर ताब्यात ठेवावी व वापरावी, आणि त्यानंतर भारतात परतण्याचा बेत असल्यास परवाना मिळवून ती आणावी. येथे घाई केल्यास मार्गच बंद होतो. एक वर्षाचा काळ ज्या तारखेपासून मोजावयाचा ती तारीख त्याच्या नावच्या प्रमाणपत्रावर असते, मृत्युपत्रावर नव्हे.

तिसरी शक्यता सर्वांत बिकट आहे. वडिलांचे निधन होते आणि मृत्युपत्रानुसार बंदूक कोल्हापूरच्या मुलीला मिळते. ती निर्विवाद मालक आहे. तथापि ती परदेशात राहिलेली नाही, बंदूक तिच्या ताब्यात कधीच नव्हती आणि तिच्या वडिलांजवळ भारतीय परवाना नव्हता. तिला सर्वसाधारण अर्जावर परवाना मिळाला तरी आयातीचे प्राधिकारपत्र स्वतंत्रपणे मिळवावे लागेल. मिळेपर्यंत बंदूक इंग्लंडमधील परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवण्याचा खर्च तिलाच सोसावा लागेल. बंदूक एकच, कुटुंब एकच आणि इच्छाही एकच. केवळ कोणी, केव्हा पाऊल उचलले यावरून तिन्ही वेळी कायदेशीर परिणाम वेगळा होतो.

७. जुनी, कुतूहलवस्तू ठरणारी व निकामी शस्त्रे

‘बंदूक शंभर वर्षांची आहे, म्हणजे तिला परवाना लागत नाही’ असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धसत्य आहे. अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये कालबाह्य बनावटीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे; परंतु दुरुस्ती करून अथवा न करता ते अग्निशस्त्र म्हणून वापरता येऊ नये अशी अट त्यास जोडलेली आहे. केवळ गंजलेला घोडा किंवा तुटलेली स्प्रिंग पुरेशी नाही. कुशल कारागीर ते पुन्हा चालू करू शकत असेल तर सूट मिळत नाही. परदेशात निकामी केल्याचे प्रमाणपत्र असले तरी भारतीय अधिकारी ही कसोटी स्वतंत्रपणे लावू शकतात.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती करून कुतूहलवस्तू या वर्गात मोडणारी लहान शस्त्रे संपादन करण्यास व जवळ ठेवण्यास भारतीय नागरिकांना परवान्याची गरज नसल्याचे जाहीर केले. परंतु ती वापरण्यासाठी, बरोबर बाळगण्यासाठी किंवा वाहून नेण्यासाठी परवाना आवश्यक ठेवला. सीमेपलीकडून आणणे हे वाहून नेणेच असल्याने केवळ या सवलतीच्या भरवशावर प्रवास करणे इष्ट नव्हे.

अत्यंत जुन्या व कलाकुसरीच्या शस्त्रांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुराणवस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षांहून जुन्या कारागिरीच्या वस्तू पुराणवस्तू ठरू शकतात आणि त्या खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. एकदा भारतात आलेली अशी बंदूक पुढे परदेशस्थ नातवाकडे परत पाठविण्याचा मार्ग बहुधा बंद होतो. म्हणून ती आणण्यापूर्वी पुढच्या पिढीचाही विचार करणे शहाणपणाचे ठरते.

८. प्रत्यक्ष प्रवास व आगमन

शस्त्र नेहमी रिकामे, कुलूपबंद पेटीत आणि नोंदणीकृत सामानातच न्यावे लागते. विमान कंपनीची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. मार्गात अन्य देशांत विमान बदलावयाचे असल्यास तेथील परवानगीही पाहावी लागते. खेळाच्या वा शिकारीच्या काडतुसांसाठी आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या नियमांनुसार प्रतिप्रवासी एकूण पाच किलोग्रॅमची मर्यादा आहे. तथापि जुनी काडतुसे आणण्याचा मोह टाळणेच योग्य. काडतुसालाही परवाना लागतो आणि भारतात परवान्यावर ती घेता येतात. पित्याच्या जुन्या पिशवीच्या कप्प्यात विसरलेले एखादे काडतूसही चौकशीचे कारण होते. म्हणून सामान भरण्यापूर्वी प्रत्येक पिशवी रिकामी करून पाहावी.

भारतात उतरल्यावर लाल मार्गिकेतूनच जावे आणि सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम ७७ अन्वये शस्त्राची खरी घोषणा करावी. या घोषणेचे महत्त्व केवळ नैतिक नाही. आयातीस मनाई असलेली वस्तू सामानात असली तरी तिची खरी घोषणा केलेली असल्यास, कलम ८० अन्वये प्रवाशाच्या विनंतीवरून अधिकारी ती ताब्यात ठेवून तो भारत सोडताना परत करू शकतात. घोषणा न करता हिरव्या मार्गिकेतून गेलेल्या प्रवाशास या संरक्षणाचा आधार घेता येत नाही. वस्तू जप्त होऊ शकते आणि शस्त्र अधिनियमाखालील कारवाईही ओढवू शकते.

शस्त्र सुटल्यानंतर ते परवाना प्राधिकाऱ्यासमोर वा त्याने सांगितलेल्या ठिकाणी दाखवून परवान्यावर त्याचा क्रमांक व वर्णन नोंदवून घ्यावे. शुल्क भरल्याची पावती कायमची जपून ठेवावी. पुढील पिढीला शस्त्राचा उगम सिद्ध करण्यासाठी तीच उपयोगी पडते.

९. आणणे शक्य नसल्यास

सर्व प्रयत्न करूनही मार्ग मोकळा झाला नाही तर शस्त्र परदेशातच ठेवणे, परवानाधारक विक्रेत्यामार्फत विकणे, तेथील पात्र नातेवाइकाला देणे किंवा संग्रहालयाला अर्पण करणे हे पर्याय उरतात. शस्त्राची छायाचित्रे, मूळ प्रमाणपत्रे, खरेदीची पावती आणि कुटुंबातील त्याचा इतिहास यांचा संच घरी जपता येतो. यास कोणत्याही परवान्याची आवश्यकता नसते.

याउलट, एखादे शस्त्र पूर्वीच विनापरवाना घरी आलेले आहे असे वारसास आढळले, तर ते लपविणे हा सर्वांत वाईट पर्याय होय. कलम २१ अन्वये ताबा बेकायदेशीर ठरलेले शस्त्र विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा नियमांनुसार परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची तरतूद आहे. या प्रसंगी प्रथम विधिज्ञाचा सल्ला घ्यावा आणि जमा केल्याची लेखी पोच अवश्य घ्यावी.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, वारसाहक्क मालकी देतो, ताबा देत नाही. ताब्याचा अधिकार परवान्यातूनच निर्माण होतो. दुसरा, पायऱ्यांचा क्रम बदलता येत नाही. शस्त्राची ओळख, वारसाची कागदपत्रे, भारतीय परवाना, आयातीची पात्रता, परदेशातील निर्यात परवानगी आणि शेवटी शस्त्राचा प्रवास असा तो क्रम आहे. आधी शस्त्र आणून नंतर परवाना पाहू असे म्हणणाऱ्यास कायदा सवलत देत नाही. तिसरा, सध्याच्या तरतुदी मूळ धारकाला जितक्या अनुकूल आहेत तितक्या त्याच्या वारसाला नाहीत.

या तिसऱ्या निष्कर्षाचा विचार धोरणकर्त्यांनी करावयास हवा. परदेशात रीतसर परवान्यावर बाळगलेले, परवानायोग्य बोअरचे एकमेव कौटुंबिक शस्त्र, पात्र वारसाने भारतीय परवाना मिळविल्यानंतर आणावयाचे असल्यास त्यासाठी स्वतंत्र व स्पष्ट तरतूद केल्याने सार्वजनिक सुरक्षिततेस बाध येण्याचे कारण दिसत नाही. कारण परवान्याची छाननी तशीच राहील. अशी तरतूद होईपर्यंत कुटुंबांच्या हाती एकच खात्रीचा उपाय उरतो, तो म्हणजे हा विषय वडीलधारी माणसे हयात असतानाच काढणे. शस्त्र कोणाकडे जावे, कोठे राहावे आणि ते आणण्याची पात्रता कोणाची आहे, याचा निर्णय त्यांच्या उपस्थितीत झाला, तर पुढच्या पिढीच्या हाती शस्त्राबरोबर त्याची निर्दोष कागदपत्रेही येतील.